बोहारणीपासून बोलीपर्यंत : जुन्या कपड्यांच्या ऑनलाइन लिलावाची प्रस्तावना

जुन्या कपड्याची किंमत कुठेच लिहिलेली नसते. नव्या साडीला दुकानात चिठ्ठी असते, सोन्याचा भाव रोज वर्तमानपत्रात येतो, रद्दीचाही किलोचा दर गल्लीत सर्वांना ठाऊक असतो. कपाटात वीस वर्षे पडून असलेल्या शालूला यातले काहीच नाही. तो घेताना मोजलेले पैसे आता निरुपयोगी माहिती झालेली असते. विकणाऱ्याच्या मनात त्याच्या आठवणींची किंमत असते आणि घेणाऱ्याच्या मनात त्यावरच्या डागांची. ज्या वस्तूचा भाव कोणीच सांगू शकत नाही, तिचा भाव शोधण्याची जुनी रीत म्हणजे लिलाव. ऑनलाइन लिलावाने ही रीत घरातल्या कपाटापर्यंत आणली. ती नीट वापरायची तर जुन्या कपड्याचा व्यवहार आधी कसा चालत होता, तिथूनच सुरुवात करावी लागते.

महाराष्ट्रात जुन्या कपड्याचे पहिले गिऱ्हाईक घरातलेच असे. नऊवारी विरली की तिची दुपटी होत, दुपट्यांनंतर गोधडी, आणि गोधडीचाही शेवट पायपुसण्यात होई. जे घरात जिरत नसे ते बोहारणीकडे जाई. पाटीत स्टीलची भांडी घेऊन दारोदार फिरणारी बोहारीण हा पैशाविना चालणारा बाजार होता : अमुक इतक्या साड्या आणि पँटींवर एक डबा, वर घासाघीस करून एखादी वाटी. ती कपडा हातात घेताच उजेडाकडे धरते, म्हणजे विरलेला भाग दिसतो; कॉलरची कड पाहते, काखेतली शिवण ताणते, साडी घडीवर चिरली आहे का ते बोटांनी चाचपते. या तपासणीत ती क्वचितच फसते. पुढे तेच कपडे धुऊन, बटणे लावून, इस्त्री करून आठवडी बाजारांत आणि जुन्या बाजारांत येतात. पुण्यात मंगळवार पेठेच्या बाजूला बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार प्रसिद्ध आहे. दिल्लीत रघुबीरनगरला हाच व्यवहार भल्या पहाटे मोठ्या प्रमाणावर चालतो.

जरीच्या साड्यांची वाट वेगळी होती. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. त्यामुळे जुनी पैठणी किंवा शालू घेणारे व्यापारी साडीकडे साडी म्हणून पाहत नाहीत. काठपदर जाळून किती चांदी निघेल याचा हिशेब करतात. अशा रीतीने किती उत्तम विणकाम भट्टीत गेले याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. बोहारीण असो की जरीवाला, दारात उभे असलेले गिऱ्हाईक एकच असते, आणि एकाच गिऱ्हाइकापुढे विकणाऱ्याचा हात नेहमीच खाली राहतो.

या व्यवहाराला संकोचाचीही किनार होती. दुसऱ्याच्या अंगावरचे कपडे विकत घेऊन वापरणे पांढरपेशा घरांत कमीपणाचे मानले जाई. धाकट्याने थोरल्याचा सदरा घालण्यात मात्र कोणाला काही वाटत नसे. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना त्यामागे होत्या, तशी रोगाची भीतीही होती. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात घरोघर तपासणी झाली, तेव्हा संशयित घरांतले कपडेलत्ते बाहेर काढून जाळले गेले. गेल्या काही वर्षांत हा संकोच बराच ओसरला. २०२० च्या टाळेबंदीनंतर इन्स्टाग्रामवर जुने कपडे विकणारी छोटी छोटी खाती निघाली, आणि महाविद्यालयीन मुलांत ‘थ्रिफ्ट’ हा शब्द अभिमानाने वापरला जाऊ लागला. तरीही वास आणि डाग यांबद्दलची शंका गेलेली नाही. ऑनलाइन विक्रेत्याला ती गृहीत धरूनच काम करावे लागते.

लिलाव ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. लासलगावचा कांदा असो की पुण्याच्या मार्केट यार्डातली फुले, शेतमालाचा भाव बोलीवर ठरतो. पूर्वी अनेक बाजारांत आडते आणि व्यापारी हातावर रुमाल टाकून, त्याखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा करीत. शेतकरी शेजारीच उभा असे, पण भाव काय ठरला हे त्याला रुमाल निघाल्यावर कळे. बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलावाचा आग्रह धरला तो यासाठीच. बोली सर्वांना ऐकू आली की खरेदीदाराला शेजारच्याच्या पुढे जावे लागते. ऑनलाइन लिलावाचे मर्मही हेच आहे. फक्त घेणारे एका ओट्याभोवती न जमता आपापल्या गावी फोन हातात धरून बसलेले असतात.

इंटरनेटवरच्या लिलावाची सुरुवात अमेरिकेत १९९५ साली झाली. पिअर ओमिड्यार यांनी ‘ऑक्शनवेब’ नावाने सुरू केलेले संकेतस्थळ पुढे ‘ईबे’ झाले. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू मोडलेला लेसर पॉइंटर होती आणि तिला १४ डॉलर ८३ सेंट मिळाले. मोडक्या वस्तूलाही कुठेतरी गिऱ्हाईक असते, मात्र ते शोधण्यासाठी जाळे दूरवर टाकावे लागते, हे त्या एका सौद्यातून दिसले. भारतात हा प्रयोग २००० साली मुंबईतून सुरू झालेल्या ‘बाझी डॉट कॉम’ने केला. २००४ मध्ये ईबेने ती कंपनी सुमारे ५ कोटी डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी बाझीवर एका विक्रेत्याने टाकलेल्या आक्षेपार्ह चित्रफितीमुळे कंपनीच्या प्रमुखांना अटक झाली, आणि दुसऱ्याने मांडलेल्या मालाची जबाबदारी बाजार चालवणाऱ्यावर किती, हा प्रश्न देशभर चर्चिला गेला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मध्यस्थांना काही अटींवर संरक्षण दिले. २०१७ मध्ये ईबेचा भारतातला व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याचे भारतीय संकेतस्थळ बंद झाले.

त्यानंतर भारतातला घरगुती लिलाव विखुरला. ईबेच्या जागतिक संकेतस्थळावर भारतीय विक्रेते परदेशी गिऱ्हाइकांसाठी माल मांडतात. देशातल्या देशात फेसबुकचे गट, व्हॉट्सअॅपचे समूह आणि इन्स्टाग्रामची खाती हीच बोलीची ठिकाणे झाली. साडीचे छायाचित्र टाकायचे, सुरुवातीची किंमत आणि किमान वाढ लिहायची, बोली खाली प्रतिसादात मागवायची आणि ठरलेल्या मिनिटाला लिलाव बंद करायचा, अशी त्यांची पद्धत. यात यंत्राऐवजी माणूस पंच असतो. त्यामुळे नियम आधी लिहून ठेवणे आणि ते कोणासाठीही न मोडणे, यावर सारी पत अवलंबून राहते.

खडकवासल्यासारख्या ठिकाणी या व्यवहाराला अनुकूल अशा बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या आहेत. मुठेवरच्या धरणाच्या पायथ्याचे हे गाव २०२१ मध्ये आणखी २२ गावांबरोबर पुणे महापालिकेत आले. इथे गावठाणातली जुनी घरे आहेत, जिथे पेटीत आजीची इरकल आणि चंद्रकळा निघते. जवळच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, गिरीनगरमध्ये संरक्षण तंत्रज्ञानाची संस्था आहे. अशा वसाहतींतली कुटुंबे दर काही वर्षांनी बदलीवर जातात आणि सामान बांधताना लोकरीचे कोट, ब्लेझर, मुलांना लहान झालेले कपडे मागे उरतात. सिंहगड रस्त्याच्या कडेने किरकटवाडी-नांदेडपर्यंत उभ्या राहिलेल्या सोसायट्यांत तरुण संसार आहेत, लग्नात एकदाच नेसलेले शालू आणि घागरे आहेत. माल असा तऱ्हेतऱ्हेचा आहे. गिऱ्हाईक मात्र गावात नाही. ते मुंबईत, नागपुरात, बंगळुरूत, कधी न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात आहे. मधले अंतर बोली आणि पार्सल मिळून भरून काढतात.

पहिले काम निवडीचे. कपाट रिकामे करताना तीन ढीग करावेत. पहिल्या ढिगात एकुलत्या एक वस्तू : हातमागाची पैठणी, इरकल, नारायणपेठ, खऱ्या जरीचा शालू, जुन्या घाटाचा ब्लाउज, नामांकित शिंप्याने शिवलेला बंदगळा, आता बनत नसलेले जॅकेट. यांचा भाव विकणाऱ्याला सांगता येत नाही, म्हणून हा ढीग लिलावाचा. दुसऱ्यात नेहमीचे कपडे : जीन्स, शर्ट, कुर्ते, शाळेचे गणवेश. असा नवा कपडा केवढ्याला मिळतो हे सर्वांना माहीत असते, त्यामुळे बोली चढत नाही. ते ठरावीक किमतीला किंवा ‘दोन ते तीन वर्षांच्या मुलाचे दहा कपडे’ अशा लॉटने विकावेत. तिसऱ्यात विरलेले, डागाळलेले आणि अंतर्वस्त्रे. यांना बाजारात आणूच नये. घालण्याजोगे जे उरते ते बोहारणीला किंवा ‘गूंज’सारख्या संस्थेला द्यावे आणि बाकीच्याचे फडके करावे. लिलावात अपयश येते ते बहुतेकदा दुसऱ्या ढिगातला कपडा पहिल्यात टाकल्यामुळे.

निवडीनंतर तयारी. धरणाकाठचा पावसाळा कापडाला मानवत नाही. जून ते सप्टेंबर बंद पेटीत राहिलेल्या रेशमाला दमट वास लागतो, बुरशीचे करडे ठिपके उमटतात, लोकरीला कसर लागते. डांबरगोळ्यांनी कसर थांबते, पण त्यांचा वास महिनोन्महिने जात नाही आणि जरीजवळ ठेवल्यास ती काळवंडते. त्यापेक्षा मलमलीत गुंडाळून, सोबत वेखंड किंवा वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवणे बरे. विक्रीआधी कपडा दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर पसरावा. उन्हात रेशमाचा रंग उडतो. जरीची साडी घरी धुऊ नये, पेट्रोल वॉशला द्यावी आणि नंतर रोल प्रेस करून घ्यावी. सुती नऊवारीला हलकी खळ चालते. उसवलेली शिवण, तुटलेला हूक आणि सुटलेला फॉल आधीच नीट करावा. रफूचा प्रश्न मात्र वेगळा. नव्या कपड्यावर रफू लपवतात. जुन्या हातमागाच्या साडीवर ते दाखवावे, कारण जाणकार गिऱ्हाइकाला न सांगितलेल्या रफूपेक्षा सांगितलेले भोक परवडते.

या व्यवहाराचे खरे कसब वर्णनात आहे. बोहारीण कपडा हातात घेऊन पाहते. ऑनलाइन गिऱ्हाइकाला ते शक्य नसते. त्यामुळे बोहारणीची नजर विक्रेत्याने स्वतःकडे घ्यावी आणि तिला जे जे दिसले असते ते सर्व लिहावे. एका इरकलीचे नमुन्यादाखल वर्णन असे करता येईल : “नऊवारी इरकल, सुती अंग, रेशमी काठ. रंग गर्द हिरवा, काठ लाल, टोपपदर लाल-पांढरा. मोजलेली लांबी ८ मीटर १० सेंटिमीटर. पदरापासून अर्ध्या मीटरवर तांदळाएवढी दोन रफू, तिसऱ्या छायाचित्रात दाखवली आहेत. आतल्या टोकाला हळदीचा फिकट डाग. घडीवर चीर नाही. फॉल लावलेला नाही. घरात १९८० च्या आसपास घेतलेली, सणावारीच नेसलेली. रंग थोडा सुटतो. पहिल्यांदा वेगळी धुवावी.” यात ‘अप्रतिम’, ‘दुर्मीळ’, ‘राजेशाही’ असा एकही शब्द नाही, आणि गिऱ्हाइकाला पडणारा एकही प्रश्न शिल्लक राहत नाही. लांबी मोजून लिहिणे विशेष महत्त्वाचे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. पण जुन्या साड्यांचे टोक दुपट्यांसाठी कापलेले असू शकते आणि ते नेसायला घेतल्यावरच ध्यानात येते.

शिवलेल्या कपड्यावर आकाराची चिठ्ठी असली तरी तिच्यावर विसंबू नये. एका कंपनीचा ‘एल’ दुसऱ्या कंपनीच्या ‘एम’एवढा असतो आणि ब्लाउज तर प्रत्येकीच्या मापाचा. कपडा सपाट टेबलावर पसरून काखेपासून काखेपर्यंत, खांद्यापासून खालच्या कडेपर्यंत, बाही आणि कंबर अशी मापे इंचांत द्यावीत. ब्लाउजच्या शिवणीत आत किती कापड सोडले आहे, हेही लिहावे. तो उसवून सैल करता येतो की नाही हे त्यावर ठरते.

छायाचित्रे दिवसा, खिडकीजवळच्या सावलीत घ्यावीत. फ्लॅशने जर पांढरी पडते आणि बल्बच्या पिवळ्या उजेडात जांभळे तपकिरी दिसते. पूर्ण पसरलेला कपडा, पदर, काठ, उलटी बाजू आणि प्रत्येक दोष अशी किमान सात-आठ छायाचित्रे हवीत. उलट्या बाजूला फार महत्त्व आहे. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो. यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. डागाशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवले की आकार शब्दांत सांगावा लागत नाही. जर खरी की नकली याबद्दल खात्री नसेल तर ‘जरीची परीक्षा केलेली नाही’ असे लिहावे. काठाच्या टोकाचा एक सुटा धागा ज्योतीवर धरला आणि वितळून त्याची गोळी झाली, तर ती प्लास्टिकची जर, एवढे घरी कळते. चांदीच्या खात्रीसाठी सराफाकडेच जावे लागते.

वस्तूची पूर्वपीठिका भाव वाढवते, पण ती खरी असेल तरच. २०१५ मध्ये सुरत येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचे नाव विणलेला सूट लिलावात ४ कोटी ३१ लाख रुपयांना गेला. ही किंमत कापडाची नव्हती. तो सूट कोणी आणि कधी घातला हे साऱ्या जगाने पाहिले होते, त्याची होती. घरगुती कपड्यालाही लहानशी कथा असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. अशा एखाद्या घरातली त्यापूर्वीची साडी वाचली असेल आणि नेसल्याचे जुने छायाचित्र जवळ असेल, तर ते छायाचित्र वर्णनात जोडावे. नुसती ऐकीव गोष्ट ‘घरात असे सांगतात’ एवढ्याच शब्दांत द्यावी.

आता प्रत्यक्ष बोली. सुरुवातीची किंमत कमी ठेवावी की जास्त, हा पहिला पेच. कमी किंमत पाहून लोक जमतात, आणि एकदा बोली लावलेला माणूस ती वस्तू सहजासहजी सोडत नाही. पण दोनच गिऱ्हाइके आली तर साडी मातीमोल जाते. यावर दोन उपाय आहेत : ज्याखाली विकायचेच नाही अशी राखीव किंमत ठेवणे, किंवा सुरुवातच तिथून करणे. घरगुती समूहात राखीव किंमत गुप्त ठेवली की संशय येतो, म्हणून दुसरा मार्ग बरा. आकडा ठरवताना जरीवाल्याने चांदीपोटी जे दिले असते ती तळाची पायरी धरावी, आणि तशाच साड्या पूर्वी प्रत्यक्ष कितीला विकल्या गेल्या ते पाहावे. लोक मागतात त्या किमती बघून काही कळत नाही. मिटलेल्या सौद्यांचे आकडेच खरे.

ईबेसारख्या यंत्रचलित लिलावात गिऱ्हाईक आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवते आणि यंत्र त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. समजा साडी ५०० रुपयांपासून सुरू झाली आणि किमान वाढ १०० रुपयांची आहे. एकाची कमाल रक्कम २,२०० आणि दुसरीची ३,०००. साडी दुसरीला मिळेल, पण ३,००० ला नाही, २,३०० ला. कारण तिला पहिल्यापेक्षा एकच पायरी पुढे जायचे होते. विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडलेल्या विचाराच्या जवळची ही रीत आहे, आणि त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विक्रेत्याने यातून घ्यायचा बोध साधा आहे : किंमत ठरते ती दुसऱ्या क्रमांकाच्या गिऱ्हाइकावर. एका शौकिनाने भागत नाही, दोन लागतात. म्हणून वर्णनापासून वेळेपर्यंतचे सारे प्रयत्न तो दुसरा माणूस आणण्यासाठी असतात.

लिलाव ठरल्या क्षणी बंद होत असेल तर चाणाक्ष गिऱ्हाइके शेवटच्या काही सेकंदांपर्यंत गप्प राहतात. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ऑकनफेल्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे दाखवून दिले : वेळ ठाम असलेल्या ईबेवर उशिराच्या बोली पुष्कळ होत्या, शेवटच्या मिनिटांत बोली आल्यास मुदत वाढवणाऱ्या अॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात त्या कमी होत्या. व्हॉट्सअॅपवरच्या लिलावात ‘शेवटच्या बोलीनंतर पाच मिनिटे नवी बोली आली नाही तर लिलाव बंद’ हा नियम सुरुवातीलाच जाहीर करावा. नेटवर्क दगा देणाऱ्यांनाही त्यात संधी राहते. आपल्याच माणसाकडून खोटी बोली लावून भाव चढवणे ही उघड फसवणूक आहे, आणि लहान समूहात ती लवकर उघडकीस येते.

वेळ साधण्यासाठी मराठी पंचांग उपयोगी पडते. संक्रांतीला काळे नेसतात, म्हणून चंद्रकळा आणि काळ्या साड्या डिसेंबरच्या मध्याला मांडाव्यात. पार्सल पोहोचायला वेळ उरतो. नवरात्रीचे नऊ रंग जाहीर झाले की त्या रंगांच्या साध्या साड्यांनाही मागणी येते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, तेव्हा शालू आणि शेले. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी नऊवाऱ्या फाल्गुनात विचारल्या जातात. शाळांच्या स्नेहसंमेलनांना डिसेंबर-जानेवारीत कोळीनृत्याचे आणि लावणीचे कपडे हवे असतात, आणि पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांच्या आधी महाविद्यालयीन संघ जुन्या काळचे सदरे आणि कोट शोधत हिंडतात. पितृपक्षात अनेक घरांत कपडे घेत नाहीत. तेव्हा लिलाव ठेवू नये. आठवड्यातली सोयीची वेळ रविवारी रात्री जेवणानंतरची.

दूरच्या गिऱ्हाइकाने न पाहिलेल्या कपड्यासाठी आधी पैसे भरावेत, हे विश्वासाशिवाय होत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखवले की दोष फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असतील तर घेणारा सर्वच मालाला खराब समजून भाव पाडतो आणि चांगला माल बाजारातून निघून जातो. जुन्या कपड्यांना हे तंतोतंत लागू पडते. नावलौकिकाची किंमत मोजताही येते : ईबेवर जुनी पोस्टकार्डे विकून केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, तोच माल नव्या खात्यांपेक्षा जुन्या, चांगले अभिप्राय असलेल्या खात्यावर सुमारे ८ टक्के जास्त भावाने गेला. म्हणून पहिले चार-पाच सौदे नफ्यासाठी न करता नाव जमवण्यासाठी करावेत. परत घेण्याची अट आधी लिहावी, आणि वर्णनात नसलेला दोष निघाल्यास पैसे विनावाद परत करावेत.

फसवणूक उलट्या दिशेनेही होते. जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात सैन्यातला अधिकारी किंवा जवान असल्याची बतावणी करणारी टोळकी देशभर सक्रिय आहेत. ओळखपत्राचे छायाचित्र पाठवायचे, भाव न करता वस्तू घ्यायची तयारी दाखवायची आणि ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगायचे, हा त्यांचा ठरलेला डाव. खडकवासल्यात शेजारी खरेच सैनिकी कुटुंबे राहत असल्याने अशा बतावणीवर विश्वास बसायला वेळ लागत नाही. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, एवढा एकच नियम घरातल्या सर्वांना पाठ असावा. फसगत झालीच तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

पाठवणीचा खर्च अनेकांचा हिशेब बिघडवतो. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल ते धरतात. आकारमानाचे वजन काढण्याची प्रचलित रीत म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागणे. पाऊण किलोची साडी ४० × ३० × १५ च्या खोक्यात घातली तर ती ३.६ किलोची ठरते. ३५ × २८ × ५ च्या पाकिटात तीच एका किलोच्या आत बसते. आत प्लास्टिकची पिशवी, वर जाड पाकीट आणि पावसाळ्यात सर्व कडांना टेप, एवढे पुरते. बांधण्यापूर्वी साडी आणि पाकिटावरचा पत्ता एकाच चित्रफितीत टिपून ठेवला की पुढचे वाद मिटतात. सौद्याचा ताळेबंद दर वेळी मांडावा. २,३०० ला गेलेल्या साडीतून पेट्रोल वॉशचे १५०, वेष्टणाचे ५० आणि कुरिअरचे १५० वजा केले तरी १,९५० उरतात. २०० रुपयांच्या शर्टातून धुणे, वेष्टण आणि टपाल गेल्यावर चहापुरते पैसे राहतात, आणि छायाचित्रांत गेलेला तास हिशेबात धरलेलाच नसतो.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. स्वतःचे वापरलेले कपडे विकणे हा व्यापार नव्हे; आयकर कायदा अशा वैयक्तिक वस्तूंना भांडवली मालमत्ता मानत नाही. दुसऱ्यांकडून घेऊन नियमित विकू लागले की तो व्यवसाय होतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याला जुन्या मालावर जीएसटी खरेदी आणि विक्री किमतीतल्या फरकावर भरण्याची सवलत आहे, मात्र त्याने खरेदीवरच्या कराची वजावट घेतलेली नसावी. शहातूशची शाल कितीही जुनी असली तरी विकता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने तिचा व्यापार बंद आहे. शंभर वर्षांहून जुने कलात्मक वस्त्र १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. पणजीची पैठणी न्यू जर्सीतल्या बोलीवर चढवण्याआधी तिचे वय तपासावे. सैनिकी गणवेश लिलावात मांडूच नयेत. सैनिक असल्याचा भास व्हावा म्हणून तो वेश घालणे हा गुन्हा आहे, आणि लष्कराने २०२२ मध्ये आणलेल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या नक्षीचे हक्कही नोंदवून घेतले आहेत.

ऑनलाइन लिलावामुळे बोहारीण निरुपयोगी ठरत नाही. कपाटातला बहुतांश माल दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगातला असतो आणि त्याचा योग्य न्याय आजही तीच करते. लिलावाच्या वाट्याला येतात ते मोजके कपडे, ज्यांची किंमत घरात कोणालाच ठाऊक नाही पण ज्यांच्यासाठी दोन अनोळखी माणसे एकमेकांच्या पुढे जायला तयार होतील. ती दोन माणसे तेव्हाच येतात, जेव्हा विकणाऱ्याने कपडा आधी उजेडाकडे धरलेला असतो आणि जे दिसले ते जसेच्या तसे लिहिलेले असते.